एक लाख दहा हजारांचा लॅपटॉप तेवीस हजारांत: घ्यावा का?

पत्र थोडक्यात असं आहे. धायरीला राहणाऱ्या एक वाचक भगिनी सदाशिव पेठेतल्या एका सीएंच्या ऑफिसात बारा वर्षं अकाउंट्स बघत होत्या. सासूबाईंचं आजारपण आणि सिंहगड रोडची रोजची वाहतूक, दोन्ही एकदम झेपेना म्हणून त्यांनी नोकरी सोडली. आता सात-आठ दुकानदारांचं टॅली आणि जीएसटीचं काम त्या घरून करणार आहेत. लॅपटॉपसाठी बजेट २५ हजारांचं, आणि समोर तीन पर्याय. पहिला, तपकीर गल्लीतल्या एका दुकानातला ‘इम्पोर्टेड’ एचपी एलिटबुक ८४० जी-३, आय-सेव्हन, १७,५०० ला. दुसरा, नणंदेच्या यजमानांच्या ओळखीतला हिंजवडीत नोकरी करणारा एक मुलगा डेलचा लॅटिट्यूड ७४९० देतोय, आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम, २३,००० ला. ‘नवा एक लाख दहा हजारांचा होता’ असं तो सांगतो. बिल मात्र नाही. तिसरा पर्याय धाकट्या दिरांचा: सेकंडहँडच्या भानगडीत पडू नका, बाराव्या पिढीचा नवा आय-थ्री, ८ जीबीचा, ३४ हजारांना हप्त्यावर घ्या. त्यात यजमान म्हणतात, ‘धंद्याची सुरुवात जुन्या वस्तूनं कशाला?’ वाचक विचारतात, “एक लाख दहा हजारांची वस्तू तेवीस हजारांत मिळतेय म्हणजे फायद्याचाच सौदा ना? की मी कुठेतरी फसतेय? आणि ओळखीतल्या माणसाकडे बिल कोणत्या तोंडानं मागायचं?”

तुमच्या पत्रात ‘एक लाख दहा हजार’ हा आकडा तीनदा आला आहे आणि सगळा गोंधळ तिथेच आहे, असं मला वाटतं. तो आकडा विकणाऱ्यानं तुमच्या डोक्यात सोडून दिलाय आणि आता बाकीचे सगळे भाव तुम्ही त्याच्याशी ताडून बघताय. एक लाख दहा वजा तेवीस, म्हणजे सत्त्याऐंशी हजार वाचले! पण ते सत्त्याऐंशी हजार तुम्ही खर्च करणारच नव्हता, मग वाचले कुठून?

तुम्ही बारा वर्षं लोकांचे ताळेबंद केलेत, म्हणून तुमच्याच भाषेत बोलू. आयकराच्या हिशेबात संगणकावर घसारा, म्हणजे वापरामुळे दरवर्षी वजा होणारी किंमत, ४० टक्के, तोही घटत्या शिलकेवर. एक लाख दहा हजारांचे पहिल्या वर्षाअखेर राहतात ६६,०००. दुसऱ्या वर्षी ३९,६००. तिसऱ्या वर्षी २३,७६०. चौथ्या वर्षी १४,२५६. हे मॉडेल २०१८ सालचं आहे, पुढची वर्षं तुम्ही तोंडी कराल. एखाद्या क्लायंटनं इतकी जुनी मशिनरी मूळ किमतीच्या पाचव्या हिश्शाला विकली असती, तर तुम्हीच त्याला म्हणाला असता, ‘बरे पैसे आले हो.’ इथे तुम्ही टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसल्या आहात, एवढाच फरक.

पुस्तकी किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे, हे तुम्हाला मी सांगायला नको. नीट ठेवलेलं मशीन त्यापेक्षा वरच्या भावाला जातं आणि त्यात वावगं काही नाही. फक्त, मूळ किंमत हा या व्यवहारात पुरावा म्हणून धरू नका. कंपन्या शेकड्यांनी लॅपटॉप घेतात तेव्हा त्याही छापील भाव मोजत नाहीत. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: हे मशीन माझ्याकडे अजून किती महिने बिनतक्रार काम करेल आणि त्या प्रत्येक महिन्याचे मी किती मोजते आहे?

त्याआधी कामाकडे बघू, कारण पत्रात लॅपटॉपबद्दल दोन पानं आणि कामाबद्दल दोन ओळी आहेत.

टॅलीला फार ताकदीचं मशीन लागत नाही. जीएसटीचं पोर्टल ब्राउझरमध्ये चालतं, आणि ते अडकलं तर बहुतेक वेळा दोष तुमच्या प्रोसेसरचा नसतो, हे तुम्ही अनुभवलं असेलच. म्हणजे तुम्हाला वेगाची भूक कमी आणि भरवशाची जास्त. जीएसटीची दर महिन्याची रिटर्न म्हणजे ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३-बी. २० च्या संध्याकाळी मशीन बसलं तर आठ दुकानदारांचे फोन तुम्हाला येणार, लॅपटॉप विकणाऱ्याला नाही. शिवाय तुमच्याकडे लोकांचे पॅन, बँकेची स्टेटमेंट्स, पोर्टलचे पासवर्ड असणार. त्यामुळे ज्या मशिनला सुरक्षेचे अपडेट येत नाहीत ते कितीही स्वस्त असलं तरी तुमच्या कामाचं नाही. कॉलेजच्या मुलाला सिनेमे बघायला आणि नोट्स वाचायला चालेल. तुम्हाला नाही.

तपकीर गल्लीतला एलिटबुक इथेच बाद होतो. ‘आय-सेव्हन’ या शब्दाला भुलू नका. ८४० जी-३ मध्ये सहाव्या पिढीचा प्रोसेसर असतो. प्रोसेसरच्या नावात आय-सेव्हननंतर जो आकडा येतो, म्हणजे ६६०० यू वगैरे, त्यातला पहिला अंक नवव्या पिढीपर्यंत पिढी सांगतो. पातळ लॅपटॉपमधल्या या सहाव्या पिढीच्या आय-सेव्हनला कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग, दोनच. हिंजवडीच्या मुलाकडचा आय-फाइव्ह बहुधा आठव्या पिढीचा (पहिला अंक बघून घ्या), म्हणजे चार कोअरचा. सातव्या आणि आठव्या पिढीच्या मध्ये इंटेलनं या वर्गात कोअर दुप्पट केले, त्यामुळे नवा आय-फाइव्ह जुन्या आय-सेव्हनला सरळ मागे टाकतो. पण त्याहून मोठी गोष्ट विंडोजची. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टनं इंटेलची रेघ ओढली आहे ती साधारण आठव्या पिढीपाशी. दुकानदार म्हणेल, ‘मॅडम, विंडोज ११ टाकलेलंच आहे, बघा ना.’ दिसेल खरं. तपासणी चुकवून ते जुन्या मशिनवर बसवता येतं. पण अशा मशिनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. अप्पा बळवंत चौकात व्याकरणाचं दहा वर्षांपूर्वीचं पुस्तक खुशाल घ्यावं, आयकराचं गाईड मात्र चालू वर्षाचंच लागतं. तसंच हे.

तो दुकानदार लबाड आहे असं मात्र मी म्हणत नाही. त्याच्याकडे तो माल आहे, तो विकतोय. ‘इम्पोर्टेड’ म्हणजे बहुधा परदेशातल्या कुठल्यातरी कंपनीनं एकगठ्ठा काढून टाकलेला लॉट. हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातल्या कंपन्याही दर काही वर्षांनी असेच लॉट काढतात. हा माल मुळात चांगला असतो. लॅटिट्यूड, एलिटबुक, थिंकपॅड ही नावं कंपन्यांच्या वापरासाठी बनलेली आहेत: कीबोर्ड दमदार, बिजागऱ्या भक्कम, खालचं झाकण काही स्क्रू काढले की उघडतं, रॅम आणि एसएसडी बदलता येतात, आणि पुण्यात सुटे भाग मिळायला अडचण पडत नाही. (अगदी पातळ, मिरवायच्या मॉडेलांत रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते. ती घेताना हे विचारून घ्या.) म्हणून ‘सेकंडहँड नकोच’ हे दिरांचं म्हणणं मला पटत नाही.

दिरांचं दुसरं म्हणणं मात्र तुम्ही फार लवकर झटकलंय असं वाटतं. हिशेब करून बघा.

लॅटिट्यूड २३,००० ला घेतला. बॅटरी जुनी असणार, ती आज ना उद्या बदलावी लागेल, साधारण ४,००० धरा. शिवाय त्याच्या कीबोर्डला उजवीकडचे आकडे नाहीत. चौदा इंची मशिनला ते बहुतेक नसतातच. तुमची बोटं बारा वर्षं त्या आकड्यांवर आंधळेपणानं फिरली आहेत आणि वरच्या ओळीतले आकडे दाबत व्हाउचर टाकायची म्हणजे शिक्षा. यूएसबीचा वेगळा नंबरपॅड घ्यावा लागेल, ६०० रुपये. झाले २७,६००. हे मशीन अजून तीन वर्षं चाललं असं समजा. महिन्याला पडले ७६७.

नवा ३४,००० चा. बॅटरी नवी, वर्षाची वॉरंटी. १५.६ इंची असेल तर त्याला नंबरपॅड बहुतेक असतोच, तरी बघून घ्या. घरच्या टेबलावर पाच वर्षं चालला तर महिन्याला ५६७. बिजागरी लवकर गेली, चारच वर्षं चालला, तरी ७०८.

म्हणजे ‘फायद्याचा’ सौदा महिन्यागणिक नव्यापेक्षा महाग पडतोय. वर वॉरंटी नाही, बिल नाही, आणि धोका सगळा तुमचा. शिवाय एक गोष्ट तो मुलगा तुम्हाला सांगणार नाही: वेगात हा बाराव्या पिढीचा आय-थ्री त्या आठव्या पिढीच्या आय-फाइव्हच्या पुढेच आहे.

हाच हिशेब उलटा फिरवला की जुन्या मशिनची किंमत निघते. नव्याचा महिना ५६७ धरला तर छत्तीस महिन्यांचे २०,४००. त्यातून बॅटरी आणि नंबरपॅडचे ४,६०० वजा केले की उरतात १५,८००. नव्याचा महिना ७०८ धरला तर हेच उत्तर २०,९०० च्या आसपास येतं. या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी बरोबरी आहे, आणि बरोबरीला जुनं कुणी घेत नाही. जोखमीचे काही कापलेच पाहिजेत. माझं मत विचाराल तर १८,००० च्या वर एक रुपया नाही, आणि बोलणी १५ पासून सुरू. बॅटरी नुकतीच बदललेली निघाली तर थोडं वर जायला हरकत नाही. हे आकडे तुमच्या तीन पर्यायांचे आहेत, दुसऱ्या कुणाचे वेगळे येतील. रीत तीच: जुन्याचा भाव, त्यात लगेच येणारा खर्च, भागिले उरलेले महिने. मग जवळच्या दुकानातल्या साध्यासुध्या नव्या मशिनशी तुलना. विकणारा ज्या मशिनशी तुलना करायला सांगतो त्याच्याशी नाही.

उरलेले महिने कसे ठरवायचे, असं तुम्ही विचाराल. नेमकं कुणीच सांगू शकत नाही, पण अंदाज बांधता येतो. तो मुलगा लॅपटॉप दाखवायला येईल तेव्हा चहा करा आणि त्याला तासभर बसवून ठेवा.

मशीन बंदच असू द्या. आधी उलटं करून खालचा सर्व्हिस टॅग, म्हणजे डेलनं त्या मशिनला दिलेला क्रमांक, लिहून घ्या. चालू करताना डेलचं चिन्ह दिसताच एफ-२ दाबायला सांगा. निळी-करडी सेटिंगची पानं उघडतील, त्याला बायोस म्हणतात. तिथे दिसणारा टॅग खालच्या टॅगशी जुळला पाहिजे. नाही जुळला तर आतला बोर्ड बदललेला असू शकतो. तिथे पासवर्ड मागितला आणि मुलाला तो ठाऊक नसेल, तर व्यवहार तिथेच थांबवा. डेलच्या संकेतस्थळावर हा टॅग टाकला की मशीन मुळात कोणत्या घडणीचं होतं आणि वॉरंटी कधी संपली हे कळतं, त्यावरून खरं वय निघतं.

मग विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि पॉवरसीएफजी, एक जागा सोडून तिरपी रेघ, तिला जोडून बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत (powercfg /batteryreport) टाइप करा. एक फाइल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडा. त्यात दोन आकडे शोधायचे, डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी. या मॉडेलला सहसा ६०,००० मिलीवॅट-तासांची बॅटरी येते. दुसरा आकडा ३९,००० असेल तर बॅटरी ६५ टक्के उरली. ३०,००० च्या खाली असेल तर माझे ४,००० उद्याऐवजी आजच धरा. पहिलाच आकडा भलताच निघाला तर बॅटरी बदललेली आहे, कोणती बसवली ते विचारा. ‘बॅकअप चार तासांचा आहे’ या वाक्याला या दोन आकड्यांपुढे काही अर्थ नाही. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की हा फरक तुम्हाला कळेल.

चार्जर बघा. डेलचे लॅपटॉप चार्जर ओळखतात. भलताच चार्जर असेल तर सुरू होतानाच ‘ओळख पटली नाही’ अशी सूचना येते, बॅटरी चार्ज होत नाही आणि मशीन मुद्दाम हळू चालतं. अशा मशिनवर लोक ‘हँग होतंय’ म्हणून नवी रॅम घालतात आणि दोष असतो चार्जरचा. रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीपासून असे काही चढले आहेत की ही चूक आता परवडणारी नाही. त्याच कारणानं या मशिनमधले १६ जीबी हा खरोखर वजनाचा मुद्दा आहे. टास्क मॅनेजर उघडून ते सोळाच आहेत ना, एवढं बघून घ्या.

कीबोर्डची परीक्षा तुमची तुम्हीच घ्या. एफ-४ ते एफ-९ या सहा बटणांवर तुमचं पोट आहे: काँट्रा, पेमेंट, रिसीट, जर्नल, सेल्स, पर्चेस. या लॅपटॉपवर वरच्या ओळीतल्या एफ-बटणांना दुसरीही कामं जोडलेली असतात. एफएन आणि एस्केप एकदम दाबलं की ती फंक्शन बटणं म्हणून चालतात, पुन्हा दाबलं की उलट. हे माहीत नसल्यामुळे पहिल्या दिवशी सेल्सचं व्हाउचर उघडायला जाल आणि भलतंच काही होईल. नोटपॅडमध्ये प्रत्येक अक्षर, मग एंटर, बॅकस्पेस. एखादं बटण चिकट लागलं तर कधीतरी चहा सांडलाय.

स्क्रीन पांढरी करून डाग बघा, आणि रिझोल्यूशन १९२० बाय १०८० आहे का तेही. याच मॉडेलांत १३६६ बाय ७६८ च्या फिक्या स्क्रीनही येत असत आणि त्यांवर एक्सेलचे कॉलम बघताना डोळे फुटतात. प्रत्येक यूएसबी पोर्टमध्ये पेनड्राइव्ह घालून बघा. प्रोप्रायटर दुकानदारांचं काम ओटीपीवर भागतं, पण उद्या एखादी प्रायव्हेट लिमिटेड आली की डिजिटल सहीचं टोकन लागेल, ते साध्या यूएसबीचंच असतं. झाकण अर्ध्यावर सोडून बघा, पडता कामा नये. वायफाय, कॅमेरा, स्पीकर यांना दोन मिनिटं पुरतात.

शेवटी सगळ्यात महत्त्वाचं. मशीन कंपनीच्या ताब्यातून खरोखर सुटलंय का? त्याच्यासमोर विंडोज रीसेट करायला लावा आणि पुन्हा सुरू झाल्यावर सेटअप चालू असताना वायफाय जोडा. कुठल्या कंपनीचं नाव येऊन ‘ऑफिसच्या ईमेलनं लॉगिन करा’ असं आलं, तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या यादीत आहे. आज कुणीतरी युक्तीनं ते पान टाळून देईल, पण पुढच्या रीसेटला ते परत येईल. बहुतेक लोक ही एकच तपासणी करत नाहीत, कारण तिला पाऊण तास लागतो.

इथून बिलाकडे येऊ. ओळखीतल्या माणसाकडे कागद मागणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं, असं तुम्ही धरून चाललाय. पण जरा उलटं बघा. काही कंपन्या वापरलेला लॅपटॉप कर्मचाऱ्याला ठरावीक रकमेला विकतात. तसं झालं असेल तर त्याच्याकडे निदान एक ईमेल किंवा पावती असणारच, आणि ती दाखवायला त्याला कसलीच अडचण नाही. घरून काम करताना मिळालेला आणि नोकरी सोडताना परत न केलेला लॅपटॉप असेल, तर तो विकायचा त्याला हक्कच नाही, आणि आठ लोकांचे हिशेब ज्यावर ठेवायचे ते मशीन परत मागायला कुणी दारात यायला नको. बहुतेक वेळा प्रकरण पहिलंच असतं. त्याला सरळ सांगा, “हे माझं धंद्याचं साधन आहे, माझ्या हिशेबात दाखवायचंय, त्यामुळे कागद लागतोच.” हे शंभर टक्के खरं आहे, आणि अकाउंटंट बाईंनी बिल मागितलं याचं कुणालाच नवल वाटणार नाही. कंपनीच्या पावतीची प्रत घ्या. शिवाय त्याच्या सहीचा साधा कागद: तुमचं-त्याचं नाव, मॉडेल, सर्व्हिस टॅग, रक्कम, तारीख. पैसे यूपीआयनं किंवा चेकनं, रोख नको. आणि हे बोलणं नणंदेच्या यजमानांमार्फत करू नका. ते मध्ये आले की भाव कमी होणं थांबतं आणि मशीन बिघडलं तर दिवाळीपर्यंत अबोला. फोन नंबर घ्या, ‘ओळख करून दिलीत, पुढचं मी बघते’ म्हणा.

तो कागद द्यायला कां-कू करू लागला, किंवा २३ वरून हललाच नाही, तर सोडून द्या. मग दोन वाटा. पक्कं बिल आणि लेखी वॉरंटी देणाऱ्या रिफर्बिश्ड (जुनी मशिनं तपासून-दुरुस्त करून विकणाऱ्या) विक्रेत्याकडे आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा बिझनेस लॅपटॉप शोधा, जमलं तर दहाव्या-अकराव्या पिढीचा. नाहीतर दिरांचं ऐका. तो पर्याय हप्त्याचा आहे एवढ्यावरून वाईट ठरत नाही. नव्या कामातून महिन्याला किती येणार आणि प्रोसेसिंग फीसकट हप्ता किती जाणार, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं मांडाल. फक्त त्या नव्यात रॅमची एक जागा रिकामी आहे का ते विचारा, आणि स्क्रीन दुकानात स्वतः बघा, ऑनलाइन फोटोवर जाऊ नका. स्वस्त नव्या लॅपटॉपमध्ये काटकसर स्क्रीनमध्येच केलेली असते.

आणि एक प्रश्न तुम्ही विचारलाच नाही, तो मी विचारतो. लॅपटॉपच का? पत्रात लिहिलंय की महिन्यातून दोन-तीनदा दुकानांत जाऊन बिलं आणावी लागतील. म्हणजे ने-आण बिलांच्या पिशवीची आहे, मशिनची नाही. कंपन्यांतूनच निघालेले छोटे डेस्कटॉप येतात, डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवोचा थिंकसेंटर टायनी, पुस्तकाएवढे. त्याच पिढीच्या लॅपटॉपपेक्षा सहसा स्वस्त, बॅटरीची कटकट नाही, आणि त्याला २२ इंची मॉनिटर आणि आकड्यांसकट पूर्ण कीबोर्ड जोडता येतो. वीज गेली तर यूपीएस लागेल, हा खर्च त्यात धरायचा. सासूबाईंच्या खोलीत बसून काम करावं लागत असेल तर लॅपटॉपच बरा, हे कबूल. त्याचाही निर्णय तुम्हालाच घ्यायचाय, पण घरात एकच कामाची जागा ठरलेली असेल तर डेस्कटॉपचा भाव काढल्याशिवाय लॅपटॉप घेऊ नका. लॅपटॉपच घेतलात, तरी पुढेमागे एक मॉनिटर जोडा. दिवसाचे सहा तास चौदा इंचात मान घालून बसणं मानेला झेपत नाही.

असाच प्रश्न पडलेल्या इतरांसाठीही दोन शब्द. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास, ऑनलाइन क्लास, टायपिंग यासाठी आठव्या पिढीचा बिझनेस लॅपटॉप उत्तम. इंजिनीअरिंगच्या मुलांना कॅडची जड सॉफ्टवेअर चालवायची असतील तर नाही, कारण यांतल्या बहुतेकांत वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं. मग वर्कस्टेशन प्रकारचं जुनं मशीन बघावं लागतं आणि ते वजनदार असतं.

यजमानांच्या शंकेवर मी फार बोलणार नाही. त्यांना खटकतंय ते जुनेपण, की तुम्ही नोकरी सोडून हे सुरू करताय याची धाकधूक, हे तुम्हालाच जास्त कळेल. वरचा हिशेब त्यांच्यासमोर कागदावर मांडा. कदाचित ते म्हणतील नवाच घे, आणि आता तुम्हालाही दिसतंय की त्यांचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नाही.

कुठलाही विकणारा ‘टॅली, ऑफिस सगळं टाकून देतो’ म्हणाला तर हात जोडा. बिझनेस लॅपटॉपमध्ये विंडोजचं मूळ लायसन्स बहुधा मशिनमध्येच असतं आणि नव्यानं विंडोज टाकून इंटरनेट जोडलं की आपोआप लागू होतं. सेटिंगमधल्या अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर ‘डिजिटल लायसन्स’ दिसलं पाहिजे. टॅलीचं लायसन्स स्वतःच्या नावानं घ्या, आणि पुढे कधी मशीन बदललंत तर जुन्यावरून ते आधी सरेंडर करा. डेटाची एक प्रत रोज मशिनच्या बाहेर गेली पाहिजे, मशीन नवं असो की जुनं.

खरेदी शक्यतो २१ तारखेनंतर करा. ३-बी होऊन गेलेली असेल आणि पुढच्या ११ तारखेपर्यंत अडीच-तीन आठवडे हातात राहतील. विक्रेत्याकडून पंधरा दिवसांची टेस्टिंग लिहून घ्या आणि त्या पंधरा दिवसांत मशीन रोज सहा तास चालवा. गेल्या महिन्याचा एखादा क्लायंट त्याच्यावर पुन्हा टाकून बघा. जे बिघडायचं असेल ते तेव्हाच बिघडू दे.